हे रीडिंग कुणी घेतलं?

लेझरच्या ध्रुवीकरणाच्या प्रयोगाची तुमची जर्नलं तपासून झाली. एकाही जर्नलवर मी सही केलेली नाही आणि आज करणारही नाही. का, ते नीट ऐका. मध्येच कुणी कारणं सांगू नका, ती मला पाठ आहेत. लेझर जुना आहे, मीटर हलतो, वेळ कमी पडला, लॅबच्या काकांनी सेटअप लावून दिला होता तो तसाच वापरला. यातलं शेवटचं तर कारणच नाही, तो कबुलीजबाब आहे. त्यावर येतेच.

आधी पहिल्या तीन गटांचं. अ‍ॅनलायझर दहा-दहा अंशांनी ० पासून ९० पर्यंत फिरवला, प्रत्येक कोनाला फोटोडायोडचं व्होल्टेज घेतलं, कॉस स्क्वेअर थीटाशी आलेख काढला आणि सरळ रेष आली. दहाच्या दहा बिंदू रेषेवर, एकही तसूभर इकडेतिकडे नाही. मीटरचा शेवटचा आकडा कधी स्थिर राहत नाही, हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय. तरी तुमच्या तक्त्यात आकडे तिसऱ्या दशांशापर्यंत सूत्राशी जुळतात. आणि ९० अंशांना रीडिंग चक्क शून्य. प्रयोग चालू होता तेव्हा मी लॅबमधून दोनदा फिरून गेले. ट्यूबलाइट चालू होत्या, मागच्या खिडकीचा पडदा अर्धा सरकलेला होता. त्या उजेडात लेझरसमोर पुठ्ठा धरला तरी उघड्या फोटोडायोडवर काही मिलिव्होल्ट दिसतात, मी स्वतः धरून पाहिलं. मग ते शून्य आलं कुठून? सूत्रातून आलं. ९० चा कॉस शून्य म्हणून तक्त्यात शून्य. हे मोजमाप नव्हे. उत्तर आधी लिहिलं आणि रीडिंग त्याच्या मापाने बेतलं.

एका जर्नलचं पान मी खिडकीकडे धरून पाहिलं. शाईच्या आकड्यांखाली पेन्सिलीचे आकडे आहेत, खोडरबराने पुसलेले, पण कागदावर उमटलेले. ०° ला ०.४५ व्होल्ट, १०° ला ०.४५, २०° ला ०.४४, ३०° लाही ०.४४. त्यावर शाईने लिहिलंय ०.४५०, ०.४३६, ०.३९७, ०.३३८. नाव घेत नाही, ज्याचं त्याला कळलंय. तुला एवढंच विचारते: ते पुसताना तुला एकदाही वाटलं नाही का, की चार कोनांना जवळजवळ एकच आकडा येतोय, तर का येतोय? मॅडमना विचारावं, शेजारच्या गटाचं बघावं, निदान वायर कुठे जोडली आहे ते तरी बघावं? तू खडे ठेवलेस आणि दाणे फेकून दिलेस. त्या अख्ख्या पानावर भौतिकशास्त्र होतं ते फक्त त्या पुसलेल्या चार आकड्यांत.

आता ते चार आकडे काय सांगत होते ते ऐका, कारण हे तुमच्यापैकी एकालाही सांगता आलं नाही. फोटोडायोडच्या दोन टोकांना तुम्ही १० किलोओहमचा रोध लावला आणि त्याच्यावरचं व्होल्टेज मोजलं. बॅटरी नाही, बायस नाही. डायोडवर साधारण एक मिलिवॉट तांबडा प्रकाश पडत होता. सिलिकॉनचा डायोड या रंगाला एका मिलिवॉटमागे सुमारे ०.४ मिलिअँपिअर प्रवाह देतो. ०.४ मिलिअँपिअर गुणिले १० किलोओहम, किती होतात? चार व्होल्ट. बायस नसलेला सिलिकॉन डायोड चार व्होल्ट देईल? अर्ध्या व्होल्टच्या आसपास तो स्वतःच पुढच्या दिशेने वाहू लागतो आणि जास्तीचा प्रवाह आतल्या आत गिळतो. म्हणून ०.४५ वर आकडा थिजला. प्रकाश पाऊण झाला तरी व्होल्टेज जागचं हललं नाही. ७०-८० अंशांच्या पुढे प्रकाश फारच कमी झाला तेव्हा कुठे ते कोसळलं. मॅलसचा नियम खोटा नव्हता, लेझर खराब नव्हता, रोध चुकीचा होता. तिथे १०० ओहम लावा. ४० मिलिव्होल्ट येतील, मीटर २०० मिलिव्होल्टच्या रेंजवर ठेवा, पहिल्या दशांशापर्यंत वाचता येईल, आणि डायोड शेवटपर्यंत प्रकाशाच्या प्रमाणात बोलेल. दोन रुपयांचा रोध बदलायचा होता. त्याऐवजी तुम्ही आकडे बदललेत.

डिटेक्टर प्रमाणात बोलतो की नाही, हे कुणी तपासलं होतं? एकाही जर्नलमध्ये त्याची ओळ नाही. लेझर आणि डिटेक्टरच्या मध्ये एक फिल्टर घालायचा, रीडिंग किती पटीने उतरतं ते पाहायचं. मग प्रकाश आणखी कमी करून तोच फिल्टर पुन्हा घालायचा. दोन्ही वेळा तेवढ्याच पटीने उतरलं तर विश्वास ठेवायचा. पाच मिनिटांचं काम आहे. ते न करता ज्याने आलेख काढला, त्याने काय मोजलं हे त्याचं त्यालाच माहीत नाही.

आता सेटअपचं. काकांनी बेंच लावून दिला, हे तुम्ही इतक्या निर्धास्तपणे सांगता की मला काळजी वाटते. काका तीस-तीस जणांच्या बॅचचं सामान काढून देतात, पुसून ठेवतात, तुटलेलं दुरुस्तीला पाठवतात. तुमच्या वाटचं भौतिकशास्त्र करणं हे त्यांचं काम नाही. या प्रयोगात बेंच लावणं हाच प्रयोग आहे. रीडिंग घ्यायला अर्धा तास पुरतो. बाकीचे अडीच तास लेझर कुठे जातोय ते समजून घेण्यासाठी दिलेले असतात, कॅन्टीनसाठी नव्हे.

बेंचवर पहिली गोष्ट काय करायची? एका पुठ्ठ्याला बारीक भोक पाडा, तो एका स्टँडवर लावा आणि उंची पक्की करा. लेझरच्या जवळ ठेवाल तेव्हा किरण भोकातून गेला पाहिजे, बेंचच्या दुसऱ्या टोकाला नेलात तरी त्याच भोकातून गेला पाहिजे. जवळ चुकला तर लेझर वर-खाली किंवा बाजूला सरकवायचा, लांब चुकला तर त्याचा रोख बदलायचा. हे आलटून पालटून दोन-चार वेळा करावं लागतं, एकदा करून भागत नाही. त्यानंतरच एकेक वस्तू बेंचवर ठेवायची. प्रत्येक काचेवरून थोडा प्रकाश मागे परततो. तो परतलेला ठिपका लेझरच्या तोंडाशेजारी कुठे पडतो ते बघत काच सरळ करायची, पण अगदी तोंडात जाऊ द्यायची नाही, नाहीतर लेझरच बिथरतो. पोलरायझर फिरवताना ठिपका डिटेक्टरवरून घसरतो का, हेही पाहायचं. पट्टीच्या दोन बाजू समांतर नसल्या की किरण फिरतो, आणि तुम्ही ध्रुवीकरण म्हणून डिटेक्टरची कड मोजत बसता. यावर साधा उपाय आहे, ९० अंशांवर थांबू नका. पूर्ण ३६० फिरवा. कोणत्याही कोनाचं आणि त्यात १८० मिळवून येणाऱ्या कोनाचं रीडिंग सारखं आलं पाहिजे. नाही आलं, तर बेंच चुकला आहे.

आणि ज्याने किरण सरळ आहे का ते बघायला डोळा किरणाच्या उंचीवर आणला, त्याने इकडे माझ्याकडे बघ. तुझ्या समोरचा लेझर दोन मिलिवॉटचा होता. पापणी मिटेपर्यंत पाव सेकंद जातो, हे तू वाचलंयस. त्या पाव सेकंदात डोळा वाचेल असा हिशोब एक मिलिवॉटपर्यंतच्या लेझरसाठी असतो, त्यापुढच्यासाठी नाही. गेलेला डोळा परत येत नाही आणि माझ्या लॅबमध्ये मी तो जाऊ देणार नाही. किरण नेहमी कागदावर पाहायचा. खाली पडलेला स्क्रू उचलायचा असेल तर आधी लेझरचं तोंड झाकायचं, मग वाकायचं. अंगठी, घड्याळ, बांगड्या लॅबच्या दाराशी काढून ठेवायच्या, कारण धातूवरून उडालेला किरण कुणाच्या डोळ्यात जाईल ते तुमच्या हातात राहत नाही. पुन्हा कुणी त्या उंचीवर डोळा आणलेला दिसला, तर त्याचं या सत्राचं प्रॅक्टिकल तिथेच संपलं असं समजा.

चौथ्या गटाने रीडिंग जसंच्या तसं लिहिलंय. ते प्रामाणिक आहे, म्हणून त्यांना वेगळं बोलते. त्यांच्या अ‍ॅनलायझरला कुठल्याच कोनाला अंधार मिळाला नाही, कमीत कमी रीडिंगसुद्धा जास्तीत जास्तच्या पाचव्या हिश्श्याइतकं राहिलं. आणि त्रुटींच्या कारणांत लिहिलं, पोलरायझर सदोष. पोलरायझर चांगला आहे. मी तो दुसऱ्या पोलरायझरसमोर आडवा धरून खिडकीकडे बघितलं, काळाकुट्ट होतो. दोष तुम्ही मध्ये ठेवलेल्या आरशाचा आहे. बेंच आखूड पडला म्हणून तुम्ही पोलरायझर आणि अ‍ॅनलायझर यांच्यामध्ये आरसा घालून किरण वळवला. धातूच्या पृष्ठभागावर तिरका पडलेला रेषीय ध्रुवित प्रकाश, त्याची दिशा आपाताच्या प्रतलात किंवा त्याला काटकोनात नसेल, तर परत येताना लंबवर्तुळाकार होऊन येतो. दोन घटकांच्या कलांमध्ये फरक पडतो, परावर्तनही सारखं होत नाही. लंबवर्तुळाला अंधार कुठून येणार? त्यात तुमचा आरसा मागच्या बाजूने मुलामा दिलेला, म्हणजे पुढच्या काचेवरून आणखी एक फिकट ठिपका. आरसा लागलाच तर तो पोलरायझरच्या आधी ठेवायचा. हे बेंचकडे पाहून तुम्हाला शोधता आलं असतं. आरसा काढून एकदा बघायचं होतं, बस. पण यंत्रावर ठपका ठेवला की वही बंद करता येते, आणि तुम्हाला वही बंद करायची घाई होती.

शून्य अंशाचंही तसंच. पोलरायझरच्या चकतीवर शून्य छापलंय म्हणून तुम्ही ते शून्य मानलं. चकतीवरचं शून्य कारखान्यात छापलेलं असतं, आतल्या पट्टीचा अक्ष तिथेच असेल याची हमी कोण देतो? अक्ष शोधायचा तो अंधारातून, उजेडातून नाही. कमाल रीडिंगपाशी पाच अंश फिरवलंत तर पाऊण टक्का फरक पडतो, मीटरच्या हलण्यात तो बुडून जातो. अंधारापाशी तेच पाच अंश फिरवले की शून्यातून पाऊण टक्का वर येतो आणि बारीक रेंजवर लख्ख दिसतो. तरी नेमका तळ कुठे आहे ते डोळ्यांनी ठरवू नका. तळाच्या दोन्ही बाजूंना सारखंच रीडिंग येणारे दोन कोन घ्या आणि त्यांचा मध्य काढा. तीन वेगवेगळ्या जोड्या घेऊन तिन्ही मध्य जुळतात का ते बघा. एवढं केलंत की अर्ध्या अंशापेक्षा कमी चूक राहते, आणि तुमच्या चकतीचा लीस्ट काउंटच एक अंश आहे.

हे झालं पोलरायझर आणि अ‍ॅनलायझर यांच्या अक्षांचं, एकमेकांच्या संदर्भात. लेझरची ध्रुवीकरणाची दिशा टेबलाशी नेमका किती कोन करते, हे विचारलं असतं तर? व्हायवाला एक्स्टर्नल विचारतीलच. त्यासाठी काच हवी. साध्या काचेवर प्रकाश सुमारे ५६ अंशांनी पाडला की परावर्तित प्रकाश पूर्णपणे एकाच दिशेने ध्रुवित होतो, आपाताच्या प्रतलाला काटकोनात. निसर्गाने दिलेली ही खूण आहे, तिच्यावर कारखान्याचा छाप नाही. १८०८ मध्ये पॅरिसमध्ये एतियेन मॅलस आपल्या घरातून आइसलँड स्पारच्या स्फटिकातून समोरच्या लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवर पडलेलं मावळतीचं ऊन पाहत होता. स्फटिकातून दोन प्रतिमा दिसतात. स्फटिक फिरवला तसा त्यातल्या एकीचा उजेड कमी होऊ लागला. आता विचार करा, तुम्ही असता तर काय लिहिलं असतं? स्फटिक सदोष. मॅलस लष्करातला अभियंता होता, नेपोलियनबरोबर इजिप्तच्या मोहिमेवर जाऊन आलेला. त्याने रात्री मेणबत्तीचा उजेड पाण्यावर आणि काचेवर पाडून तेच पुन्हा पाहिलं. त्याच्याकडे फोटोडायोड नव्हता, लेझर नव्हता, मीटर नव्हता. जे दिसलं ते त्याने पुसलं नाही. ज्या नियमाची सरळ रेष तुम्ही जर्नलमध्ये काढली, तो नियम या माणसाने दिला. आणि तुम्ही त्याच नियमाच्या नावाने रीडिंग बनवलंत. मला याचा राग येतो. तो लपवत नाही.

आता पाचवा गट. तुमचं मला सगळ्यांत जास्त वाईट वाटलं, कारण तुम्ही सगळ्यांत जवळ पोचला होतात. तुमच्या बेंचवर हेलियम-निऑनची नळी होती, ६३२.८ नॅनोमीटरची. अ‍ॅनलायझर फिरवला तर कोनाशी कुठलाच मेळ बसेना. एकाच कोनाला रीडिंग कधी वर, कधी खाली. तुम्ही निष्कर्ष लिहिला: लेझर अध्रुवित आहे, फ्लक्च्युएशनमुळे प्रयोग अपूर्ण. दोन चुका केल्यात, आणि दोन्ही न विचारता.

पहिली. फ्लक्च्युएशन हा शब्द लिहिला की काम संपलं असं तुम्हाला कुणी शिकवलं? ते वर-खाली होणं कशाशी बांधलेलं आहे, हे पाहायचं. तुमची नळी आतल्या आरशांची आहे, तिला ब्रूस्टरच्या तिरक्या खिडक्या नाहीत. अशा नळीत शेजारचे दोन मोड एकमेकांना काटकोनात ध्रुवित असतात. नळी तापते, लांबते. लांबी अर्ध्या तरंगलांबीने, म्हणजे साधारण ३१६ नॅनोमीटरने वाढली की मोड एकेक घर सरकतात. सरकताना कधी एका दिशेच्या मोडला जास्त शक्ती मिळते, कधी दुसऱ्या. एकूण प्रकाश जवळजवळ तेवढाच राहतो, पण पोलरायझरमागे मात्र भरती-ओहोटी दिसते. सुरुवातीला झपझप, नळी तापत जाते तशी संथ. म्हणजे तुमचं रीडिंग हलत नव्हतं, नळी तिचं तापणं तुम्हाला सांगत होती. लेझर येताच चालू करायचा आणि अर्धा तास तसाच ठेवायचा, हे मी पहिल्याच तासाला फळ्यावर लिहून दिलं होतं. तुम्ही आल्याबरोबर रीडिंगला बसलात.

दुसरी चूक जास्त खोल आहे. समजा, अ‍ॅनलायझर फिरवला आणि रीडिंग कुठेच बदललं नाही. तरीसुद्धा प्रकाश अध्रुवित आहे असं म्हणता येत नाही. वर्तुळाकार ध्रुवित प्रकाशही फिरत्या पोलरायझरला अगदी तसाच दिसतो. एकट्या पोलरायझरला या दोन्हींतला फरक कळूच शकत नाही. त्यासाठी क्वार्टर वेव्ह प्लेट अ‍ॅनलायझरच्या आधी घालायची. वर्तुळाकार असेल तर प्लेटमधून तो रेषीय होऊन बाहेर पडतो आणि अ‍ॅनलायझरला अंधार सापडतो. अध्रुवित असेल तर काही केल्या अंधार सापडत नाही. स्टोक्सने १८५२ मध्ये दाखवलं की कुठल्याही प्रकाशाची ध्रुवीकरणाची स्थिती चार मोजता येणाऱ्या संख्यांत पूर्ण सांगता येते. त्यातल्या तीन पोलरायझरने मिळतात, चौथीला प्लेट लागतेच. ती प्लेट कपाटात, डाव्या खणात, कापसात गुंडाळून ठेवली आहे. एकानेही मागितली नाही.

ही प्लेट परदेशातल्या माणसांची मक्तेदारी आहे असं वाटत असेल तर तेही सोडा. शिवरामकृष्णन पंचरत्नम बंगळूरला रामन यांच्या संस्थेत काम करत. १९५५ मध्ये त्यांनी अनेक रंगांना एकाच वेळी चालेल अशी क्वार्टर वेव्ह प्लेट साध्या प्लेटांच्या जोडणीतून बनवून दाखवली. पुढच्याच वर्षी ध्रुवित किरणांच्या व्यतिकरणावर त्यांनी जो लेख लिहिला, त्यात कलेचा एक नवा भाग होता, जो फक्त प्रकाश ध्रुवीकरणाच्या कोणत्या स्थितींमधून फिरून आला त्यावर ठरतो. मायकेल बेरींनी १९८४ मध्ये अशी भूमितीय कला क्वांटम यामिकीत मांडली, आणि मग जगाच्या लक्षात आलं की तिचं प्रकाशातलं रूप एका बाविशीच्या तरुणाने बंगळूरमध्ये आधीच लिहून ठेवलं होतं. तुमच्याच वयाचा मुलगा. त्याच्या हाताखालीही स्फटिक होते, प्लेटा होत्या, आणि वेळ लागत होता. तो वेळ त्याने दिला.

मी तुम्हाला इतकं बोलते, कारण पुढच्या वर्षी तुमच्यातले काही जण संशोधनाला जातील, काही शिकवायला लागतील, काही इस्पितळातल्या नाहीतर कारखान्यातल्या यंत्रापाशी बसतील. तिथे आकडा पुसला तर तो जर्नलच्या पानावर राहत नाही.

तर उद्याचं. उद्या कुणीही जर्नल आणायचं नाही. सुटे कोरे कागद आणा आणि शाईचं पेन. पेन्सिल आणि खोडरबर घरी ठेवा, चुकलेला आकडा एका रेघेने काटायचा, वाचता येईल असा. आल्याबरोबर लेझर चालू करायचे. पडदे ओढायचे, ट्यूबलाइट बंद, आणि दर दहा रीडिंगनंतर लेझर झाकून काळोखाचं रीडिंग घ्यायचं, ते वजा करायचं. पहिले तीन गट आधी १० किलोओहमच्याच रोधावर पूर्ण ३६० अंशांची रीडिंग घेतील, चपटं डोकं असलेला आलेख काढतील, आणि मग १०० ओहमवर पुन्हा. चौथा गट आरशासकट आणि आरशाशिवाय, दोन्ही. पाचवा गट नळी थंड असतानाच सुरुवात करेल. अ‍ॅनलायझर एका कोनाला घट्ट करा, दर दहा सेकंदांनी रीडिंग घ्या, एकाने घड्याळ बघायचं, एकाने मीटर, एकाने लिहायचं, वीस मिनिटं. मग नळी पुन्हा थंड होऊ द्या, अ‍ॅनलायझर ४५ अंश फिरवा आणि तेच पुन्हा करा. दोन्ही आलेख एकाच कागदावर काढून माझ्या टेबलावर ठेवा, आणि एक आलेख दुसऱ्यापेक्षा शांत का आला, ते खाली चार ओळींत लिहा.